अहवालाची शेवटची ओळ

आमच्या सेंटरच्या पायऱ्यांवर बसून लोक रिपोर्टचं पाकीट उघडतात. मी काचेतून रोज बघते. फिल्म बाजूला ठेवतात, पहिलं पान उलटतात आणि नजर थेट खाली नेतात, जिथे ‘इम्प्रेशन’ असं लिहिलेलं असतं. घरात इंग्रजी वाचणारं जे कोणी असेल, पुतण्या, जावई, नर्सिंगला असलेली मुलगी, त्याच्या हातात तो कागद जातो. तो वाचतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. वरचं दीड पान कोणी वाचत नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, गेली बावीस वर्षं. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या कित्येक रिपोर्टांच्या शेवटच्या ओळीत मी एक शब्द लिहीत होते: अनरिसेक्टेबल. गाठ काढता येणार नाही. हा शब्द आता मी लिहीत नाही. का लिहीत होते आणि का सोडला, हे एकदा मोकळेपणाने मांडायचं बरेच दिवस मनात होतं.

लिहीत होते त्यालाही कारण होतं. शिकत असताना वॉर्डात मी असे पेशंट पाहिले होते, ज्यांचं पोट उघडलं, गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली निघाली आणि तसंच शिवून टाकलं. महिनाभर ती जखम भरत राहायची, माणूस खंगत जायचा, आणि आयुष्याचे जे थोडे महिने उरले होते त्यातला एक असा वाया जायचा. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया साधी नव्हे. अमेरिकेतल्या अ‍ॅलन व्हिपल यांनी ती 1935 साली मांडली, म्हणून तिला व्हिपल म्हणतात. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग एवढं सगळं काढून पुन्हा तीन ठिकाणी जोडावं लागतं. ते उगाच कोणाच्या वाट्याला येऊ नये, आणि ते थांबवणं माझ्या हातात आहे, असं मला मनापासून वाटायचं. तो शब्द लिहिताना मी कोणाला तरी वाचवते आहे, ही माझी खात्री होती.

हातात नियमही होता. स्वादुपिंडाच्या मागून आतड्यांना रक्त नेणारी एक मोठी धमनी खाली उतरते. आम्ही तिला एसएमए म्हणतो. शेजारून तशीच शीर वर येते. सीटीच्या आडव्या कापात ही धमनी गोल दिसते, रुपयाच्या नाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि तिच्याभोवती काळी चरबी असते. गाठीने त्या गोलाला अर्ध्या घेरापेक्षा जास्त, म्हणजे 180 अंशांच्या वर विळखा घातला असेल, तर सहसा ती सुटत नाही. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून हा निकष रूढ झाला. पुढे सर्जन लोकांच्या वर्गवारीतही तो आला. त्यांचे गट तीन: काढता येण्याजोगी, सीमारेषेवरची, आणि जागीच पसरलेली. मी कोन मोजायची, शब्द लिहायची, सही करायची.

तो मूळ लेख मी नीट वाचला तो फार उशिरा. त्याच्या शीर्षकातच दोन अटी होत्या. सीटी स्वादुपिंडासाठी योग्य वेळी घेतलेला हवा आणि बारीक कापांचा हवा. शिवाय आधी केमो देऊन मग ऑपरेशन करायचा प्रघात त्या काळी फारसा नव्हता. म्हणजे मी नियम उचलला होता आणि अटी तिथेच ठेवल्या होत्या.

‘योग्य वेळ’ म्हणजे काय, ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. या कर्करोगाची गाठ कडक असते. तिच्यात पेशींपेक्षा तंतूच जास्त असतात आणि रक्त कमी खेळतं. उलट निरोगी स्वादुपिंड रक्ताने भरलेलं. शिरेतून आयोडीनचं औषध सोडलं की 40 ते 50 सेकंदांच्या सुमारास स्वादुपिंड उजळून निघतं आणि गाठ त्यात सावलीसारखी काळसर दिसते. ही खिडकी चुकली की औषध सगळीकडे पसरतं, स्वादुपिंडाचा उजळपणा ओसरतो आणि सावली पुसट होते. 65-70 सेकंदांना घेतलेल्या स्कॅनमध्ये यकृत आणि शिरा छान दिसतात, म्हणून तोही घ्यायचाच. पण आमच्याकडे पोटाचा सीटी म्हटलं की तेवढा एकच घेतला जायचा. कापही पाच-पाच मिलिमीटरचे. पाच मिलिमीटरच्या कापात सात-आठ मिलिमीटरच्या धमनीची कड कशी ठरणार? त्यावर आतडी पांढरी दिसावीत म्हणून आम्ही पेशंटला लिटरभर औषधाचं पाणी पाजायचो. त्या पांढऱ्या उजेडात ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीची, भिंत आणि तिला लागून असलेलं स्वादुपिंडाचं डोकं, जिथे बघायचं तिथेच डोळे दिपायचे.

स्वादुपिंडाचा वेगळा प्रोटोकॉल असतो हे मला माहीत होतं. परीक्षेत मी तो लिहिला होता. पण दुपारी दीड वाजता बाहेर अकरा पेशंट बसलेले असताना एकासाठी दोनदा स्कॅन, जाड सुई, वेगळं टायमिंग, हे सगळं मला पुस्तकी वाटायचं. गाठ दिसली ना, मग झालं, असं मी टेक्निशियनला म्हणत असे. हे मी म्हटलेलं आहे, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

2014 च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. अठ्ठावन्न वर्षांचे, साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला खाज, तीन महिन्यांत वजन दहा किलो उतरलेलं. सीटीच्या चार दिवस आधी दुसरीकडे त्यांच्या पित्तनलिकेत स्टेंट टाकलेला होता. आम्ही नेहमीचा स्कॅन केला. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ होती. एसएमएभोवतीची चरबी काळी न राहता धुरकट झाली होती, जवळजवळ सगळ्या बाजूंनी. मी शब्द लिहिला. पाकीट पुतण्याने घेतलं. पायऱ्यांवर बसलेली ती माणसं मला आठवत नाहीत. आठवायला हवी होती.

सव्वा वर्षाने तोच पुतण्या आईच्या पित्ताच्या खड्यांची सोनोग्राफी करायला आला. आत येऊन त्याने विचारलं, “मॅडम, ओळखलं का?” मी ओळखलं नाही. त्याने सांगितलं. काका सहा महिन्यांत गेले. ऑपरेशन होत नाही असं रिपोर्टात आल्यावर घरच्यांनी ठरवलं की कुठे न्यायचं नाही, हाल करायचे नाहीत. सर्जनला दाखवलं नाही, केमोची चौकशी केली नाही. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, “काकांना मुंबईला न्यायला पाहिजे होतं का, मॅडम?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

मी त्याला थांबायला सांगितलं आणि सर्व्हरवरून तो स्कॅन उघडला. एसएमएभोवतीचा तो धूर मी दहा मिनिटं वर-खाली करत बघत बसले. तो कर्करोग असू शकत होता. पण स्टेंट टाकताना कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती सूज चरबीत उतरली की हुबेहूब असाच धूर दिसतो. स्टेंटच्या चकाकीने शेजारच्या रेघा फाटलेल्या होत्या. योग्य वेळेचा फेज नव्हता. काप जाड होते. गाठ नेमकी कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते, हे त्या चित्रांत नव्हतंच. मी जे ठामपणे लिहिलं होतं, ते सांगण्याची ताकद त्या स्कॅनमध्ये नव्हती.

मी बाहेर येऊन त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, “न्यायला हवं होतं की नाही ते मला माहीत नाही. त्या स्कॅनवरून ते कोणालाच सांगता आलं नसतं. स्कॅन पुरेसा नाही, परत करा, सर्जनला दाखवा, एवढं तरी मी तेव्हा लिहायला हवं होतं.” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आम्ही तर तुमच्या कागदावरच थांबलो.” तेवढ्यात आत त्याच्या आईचं नाव पुकारलं आणि तो गेला.

या वाक्यानंतरची गोष्ट कामाची आहे, आणि ती हळूहळू घडली. आधी सुई बदलली. चार मिलिलिटर प्रतिसेकंद वेगाने औषध जायचं तर कोपराच्या शिरेत अठरा गेजची हिरवी सुई लागते. कावीळ झालेल्या, सुकलेल्या माणसाची शीर मिळणं अवघड. टेक्निशियन विचारायचा, “मॅडम, गुलाबी चालेल का?” गुलाबी म्हणजे वीस गेज, जरा बारीक. आधी मी हो म्हणायचे. मग मी स्वतः उठून शीर शोधायला लागले. औषधाच्या पाण्याऐवजी दोन-तीन ग्लास साधं पाणी सुरू केलं. पोटातल्या महाधमनीवर कॉन्सोलवर एक छोटं वर्तुळ ठेवायचं, औषध तिथे पोचलं की मशीन कळवतं, आणि तिथून सेकंद मोजायचे. कारण थकलेल्या हृदयाच्या माणसाचे चाळीस सेकंद आणि धडधाकट माणसाचे चाळीस सेकंद सारखे नसतात. काप मिलिमीटरच्या आतले. आणि आमच्या गावातल्या पोटविकारतज्ज्ञांना फोन करून विनवलं की स्टेंट टाकायच्या आधी सीटीला पाठवा, नंतर नको. ताप, जंतुसंसर्ग असेल तर थांबता येत नाही हे मान्य. पण पुष्कळदा एक दिवस थांबता येतं.

दुसरी गोष्ट मला जास्त जड गेली. 2014 सालीच अमेरिकेतल्या पोटाच्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि स्वादुपिंडतज्ज्ञांची संघटना यांनी मिळून या कर्करोगाच्या रिपोर्टासाठी एक ठरावीक तक्ता मांडला होता. एका परिषदेत कोणीतरी तो दाखवला तेव्हा मी विरोधात बोलले होते. माझा रिपोर्ट म्हणजे माझं लेखन, मी सलग गद्यात लिहायचे आणि त्याचा मला अभिमान होता. रकाने भरणं हे कारकुनाचं काम, असं माझं मत होतं. त्या पुतण्यानंतर मी माझे जुने वीसेक रिपोर्ट काढून तक्त्याशी ताडून पाहिले. एसएमएबद्दल बहुतेकांत लिहिलेलं होतं. यकृताकडे जाणाऱ्या धमनीबद्दल निम्म्यांत काहीच नव्हतं. शिरेला गाठ किती लांबीपर्यंत लागली आहे, हे जवळजवळ कुठेच नव्हतं. दहा-पंधरा टक्के माणसांत यकृताची उजवी धमनी नेहमीच्या जागेवरून न निघता एसएमएतून निघते आणि स्वादुपिंडाच्या मागून जाते. सर्जनला ते आधी माहीत नसेल तर ती कापली जाऊ शकते. माझ्या वीस सलग गद्य रिपोर्टांत तिचा उल्लेख फक्त दोनदा होता. बाकी अठरांत ती धमनी नेहमीच्या जागी होती की मी पाहिलीच नव्हती, हे रिपोर्ट वाचून मलाही कळेना. रकाना असता तर मला बघावंच लागलं असतं.

आता मी रकाने भरते. कोणती वाहिनी, किती अंश, किती मिलिमीटर, घट्ट गाठ लागलेली आहे की नुसता धूर, वाहिनीचा आकार बदलला आहे का. ‘अनरिसेक्टेबल’ला त्यात रकाना नाही. ते ठरवायला सर्जन हवा, पेशंटची तब्येत हवी, केमोचा प्रतिसाद हवा. माझ्या अंधाऱ्या खोलीत यातलं काहीच नसतं.

केमोमुळे तर माझं उरलंसुरलं ठाम मतही गेलं. 2011 मध्ये चार औषधांचा एक जोरकस केमो, फोल्फिरिनॉक्स, पसरलेल्या आजारात उपयोगी ठरला. सरासरी आयुष्य जेमतेम सात महिन्यांवरून अकरा महिन्यांपर्यंत गेलं. मग जागीच पसरलेल्या आजारातही तो आधी देऊन बघायला लागले. 2015 मध्ये बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या सर्जननी अशा आणि सीमारेषेवरच्या मिळून 40 पेशंटांचा अनुभव छापला. केमोनंतरच्या सीटीत त्यांतल्या बहुतेकांची गाठ अजून वाहिन्यांना धरूनच दिसत होती. तरी ऑपरेशन केलं, आणि 92 टक्क्यांत काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघाल्या. कारण गाठ मेली तरी तिचे तंतू जागेवर राहतात. घर रिकामं झालं तरी भिंती उभ्या, तसं. सीटीला भिंती दिसतात. आत कोणी राहतं आहे का, ते सीटी सांगू शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समधल्या रेडिओलॉजिस्टांनी दाखवलं होतं की गाठीचा वाहिनीला असलेला स्पर्श थोडा जरी कमी झाला, तरी तो पोट उघडून पाहण्याइतका चांगला संकेत असतो, मग उरलेला विळखा किती का असेना.

हे वाचून मी मान डोलावली, पण विश्वास बसला तो एका शिक्षिकेच्या स्कॅनवर. आठ केमो झाले होते. रक्तातला सीए 19-9, या कर्करोगाची खूण, हजाराच्या घरातून चाळीसच्या आत आला होता. आणि माझ्या स्क्रीनवर एसएमएभोवती दोनशे अंशांचा विळखा जसाच्या तसा. आधीची मी असते तर शब्द तयार होता. या वेळी आकडे लिहिले, आधीच्या स्कॅनशी तुलना लिहिली आणि सर्जनना फोन केला. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी धमनीलगतचे तुकडे तिथल्या तिथे तपासायला पाठवले. सगळा व्रण होता, पेशी कुठेच नव्हत्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी घरी भाजी निवडत होते. तशीच बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या बाजूनेही मी चुकले आहे, तेही सांगायला हवं. एका पेशंटच्या रिपोर्टात सगळ्या वाहिन्या मोकळ्या, सगळं स्वच्छ असं मी लिहिलं होतं. दुर्बिणीतून आत पाहिलं तर यकृताच्या पृष्ठभागावर ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके होते. सीटीत ते दिसले नव्हते. त्या स्कॅनला सहा आठवडे झाले होते. या आजारात चार आठवड्यांपूर्वीच्या सीटीवर ऑपरेशन करू नये, असं म्हणतात ते उगाच नाही. परत स्कॅन म्हणजे परत काही हजार रुपये, हे मला कळतं, तरी आता मी रिपोर्टात तारीख ठळक करते आणि चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली नाही तर पुन्हा करावा असं लिहिते.

आता आमच्याकडे दोन वेगवेगळ्या ऊर्जांचा क्ष-किरण वापरणारं मशीन आहे. कमी ऊर्जेच्या चित्रात आयोडीन जास्त चमकतं आणि गाठ उठून दिसते. साधारण दहात एक गाठ अशी असते की जिचा रंग आजूबाजूच्या स्वादुपिंडासारखाच असतो. ती फक्त अचानक तुटलेल्या नलिकेवरून ओळखायची. अशा दोन गाठी मला या मशीनने प्रत्यक्ष दाखवल्या, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. 2021 मध्ये अमेरिकेत फोटॉन मोजणाऱ्या सीटीला परवानगी मिळाली, तो आणखी बारीक दाखवतो. मेयो क्लिनिकच्या मंडळींनी 2022 मध्ये संगणकाला असे जुने सीटी शिकवले, जे निदानाच्या तीन महिने ते तीन वर्षं आधी दुसऱ्याच कारणाने काढले होते आणि ज्यांत डोळ्यांना गाठ दिसत नव्हती. संगणकाने त्यांतला फरक बऱ्याच प्रमाणात ओळखला. हे सगळं मला हवं आहे, लवकर हवं आहे. पण व्रण की कर्करोग, याचं खात्रीचं उत्तर माझ्या मशीनमधून अजून मिळत नाही. आणि 35 व्या सेकंदाला घाईने काढलेलं चित्र कितीही महागड्या मशीनवर काढलं तरी चुकीच्या वेळचंच राहतं.

2018 मध्ये गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचा आजार कळला आणि आमच्या भागात, गोव्याकडे नातीगोती असलेल्या घरांत, स्वादुपिंड हा शब्द पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडी आला. 17 मार्च 2019 ला ते गेले. त्यानंतर नातेवाईक मला विचारायला लागले, “पर्रीकरांना होता तोच ना हा?” म्हणजे माझा कागद उघडायच्या आधीच त्यांनी निम्मा निकाल लावलेला असतो. म्हणून अशा रिपोर्टाचं पाकीट मी आता काउंटरवरून जाऊ देत नाही. आत बोलावते, स्क्रीनवर धमनीचा गोल दाखवते, गाठ कुठपर्यंत आली ते दाखवते. शेवटच्या ओळीत लिहिते: शस्त्रक्रियेचा निर्णय स्वादुपिंडाच्या सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र पाहून घ्यावा. आणि तेच वाक्य खाली मराठीत पेनाने लिहिते, जे पायऱ्यांवर बसलेल्या कोणालाही वाचता येईल.

गेल्या शनिवारी मी निघायच्या बेतात असताना टेक्निशियनने हाक मारली. “मॅडम, काविळीचा पेशंट आहे, सांगोल्याकडचा. स्टेंटची वेळ सोमवारची आहे. आता घ्यायचा, की स्टेंटनंतर बोलवू?”

“आत्ता घ्या,” मी म्हटलं. “क्रिएटिनिन बघा, आणि पाणी प्यायला द्या.”

“शिरा बारीक आहेत. गुलाबी लावू?”

मी पर्स खाली ठेवली आणि हिरवी सुई घेऊन आत गेले.